ऑटो बंद करा: कापसाच्या शेतापासून रात्रीच्या नाटकापर्यंत कॅमेरा चालवताना

नवशिक्याचं चित्रण बिघडतं ते बहुतेक वेळा ऑटोमुळे, म्हणजे उजेड-रंग कॅमेऱ्यालाच ठरवू दिल्यामुळे. पराटीच्या शेतात पांढरीशुभ्र बोंडं दिसली की कॅमेरा उजेड जास्त समजून चित्र गडद करतो आणि वेचणाऱ्या बाईचा चेहरा पदराच्या सावलीत हरवतो. रात्री नाटकात काळा पडदा पाहून तोच कॅमेरा उजेड वाढवतो, नटाचा चेहरा पांढराफटक होतो. म्हणून पहिल्या दिवसापासून मॅन्युअलवर, सगळं स्वतः ठरवून, शिका.

आधी सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटर १/५० ठरवा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/५० सेकंद उजेड मिळतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/५० किंवा १/१०० शटर त्याच्याशी जुळतं. १/६० ठेवलं की पडद्यावर पट्टे सरकतात. जनरेटरवर ही गती थोडी ढळते, तेव्हा कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पट्टे दिसतात का ते पुन्हा पाहा.

आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १०० ठेवा. भर उन्हात १/५० शटरला लेन्समधलं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ २२ पर्यंत मिटवावं लागतं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान). एवढं मिटवलं की चित्र मऊ पडतं आणि चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी उमटते. काळ्या मातीच्या रानात लेन्स बदलली असेल तर नक्कीच! यावर उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची उजेड कमी करणारी गडद काच. एनडी ८ लावला की एफ ८, एनडी १६ ला एफ ५.६, एनडी ३२ ला एफ ४. फिरवून गडद करायचा स्वस्त फिल्टर टोकापर्यंत फिरवू नका, चित्रावर काळी फुली येते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची सेटिंग, उन्हात ५६०० केल्विन, हॅलोजनखाली ३२००. हाही ऑटोवर नको, एकाच शॉटमध्ये रंग बदलतो.

आता वेचणीचा शॉट. झेब्रा १०० वर लावा, म्हणजे फार उजळ भागावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिरपे पट्टे दिसतात. बोंडांवर पट्टे येईपर्यंत अ‍ॅपर्चर उघडा, मग पट्टे जवळजवळ नाहीसे होईपर्यंत मिटवा. कापूस एकदा फटक पांढरा झाला की त्याचे तंतू एडिटिंगमध्येही परत येत नाहीत. चेहरा तरी काळाच राहिला तर अ‍ॅपर्चरला हात लावू नका, चेहऱ्यावर उजेड आणा: सूर्याच्या समोरच्या बाजूने, तीन-चार फुटांवरून, पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पत्रा धरा. बारा ते तीन डोळ्यांच्या खोबणीत सावली भरते. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतरचं ऊन घ्या. ट्रायपॉड वाकलेल्या बाईच्या चेहऱ्याइतका खाली उतरवा, उभ्याने घेतलेल्या शॉटमध्ये नुसतं डोकं दिसतं. बोंडातून कापूस ओढणारी बोटं जवळून घेताना हात सतत मागेपुढे होतो, तो फोकसबाहेर जाऊ नये म्हणून इथे एनडी ४ आणि एफ ११. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर.

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणाऱ्या जोडीबरोबर कॅमेरा फिरवायचा तर पायांची बोटं शेवटच्या खुणेकडे ठेवून उभं राहा, कंबर सुरुवातीकडे वळवा. मग शरीर उलगडत जातं, शेवटी अडकत नाही. बैलांच्या तोंडापुढे मोकळी जागा सोडा. आणि धावपट्टीवर कधीच उतरू नका.

झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, नाटक रात्रभर चालतं. ट्रायपॉड प्रेक्षकांच्या मागे, मधोमध, उंचावर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, आयएसओ गरजेपुरता चढवा, उजेडाचं मोजमाप मात्र रंगवलेल्या चेहऱ्यावरच. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो. तो बंद करा. कॅमकॉर्डर (व्हिडिओसाठीचा कॅमेरा) असेल तर पूर्ण झूम करून चेहऱ्यावर फोकस साधा आणि मग झूम मागे घ्या. फोटोच्या कॅमेऱ्याच्या बऱ्याच लेन्सना हे चालत नाही, तिथे पडद्यावरचं चित्र मोठं करून फोकस तपासा.

आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्या. कॅमेऱ्याचं इनपुट माइकवर राहिलं तर आवाज फाटतो, ते लाइनवर (मिक्सरच्या जोरकस सिग्नलसाठीची सेटिंग) करा. मोठा संवाद कॅमेऱ्याच्या आवाजपट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जावा. सेकंदाला ५० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला साडेबावीस जीबी लागतात, म्हणजे सहा तासांना १३५ जीबी. काही फोटो कॅमेरे अर्ध्या तासाला आपोआप थांबतात, म्हणून रेकॉर्डिंगचा लाल ठिपका नाटकाचा अंक बदलताना दर वेळी पाहा.