पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा तीन आठवड्यांवर, डेडलिफ्टचं (जमिनीवरचा बार सरळ उभं राहीपर्यंत उचलायचा, त्याचं) काय करायचं?

तीन आठवड्यांत ताकद वाढत नाही, निदान स्पर्धेत दिसेल एवढी तरी नाही. असलेले किलो वाया जाऊ नयेत एवढंच हातात असतं.

आधी बारची उंची मोजा. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंमी, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंमीवर येतो. खानापूर-निपाणीकडच्या जुन्या व्यायामशाळांत लोखंडी प्लेट बऱ्याचदा लहान असतात. व्यास 40 सेंमी असेल तर बार अडीच सेंमी खाली येतो, कंबर जास्त वाकते आणि सुरुवातीलाच पाठ गोल होते. दोन्ही बाजूंना प्लेटखाली तेवढ्याच जाडीचं प्लायवूड घाला. प्लेटवर छापलेल्या आकड्यावरही विसंबू नका. रविवार पेठेतल्या एखाद्या भुसार दुकानाच्या काट्यावर एकेक प्लेट ठेवून बघा आणि खरं वजन त्यावर खडूने लिहा. नाहीतर पुढचं सगळं गणित हवेत.

आज स्वच्छ उचलता येईल ते वजन 180 किलो धरू. जुना विक्रम धरू नका, आजचंच धरा. पहिल्या आठवड्यात एकच जड दिवस: 152.5 किलोवर दोन-दोनचे तीन सेट, म्हणजे सलग दोनदा उचलायचं, असं तीन वेळा. स्पर्धेच्या नऊ-दहा दिवस आधी 162.5 एकदाच, स्पर्धेतल्याच बुटांत, कंबरेच्या त्याच पट्ट्यासह. मग 140 वर दोन-दोनचे तीन. जड ओढणं इथे संपलं, कारण कंबरेचे स्नायू सगळ्यात उशिरा सावरतात आणि स्क्वॉटचा (खांद्यावर बार घेऊन बसून उठण्याचा) भारही त्यांच्यावरच असतो. शेवटच्या आठवड्यात, चार दिवस आधी, 110 एकेकदा, असं तीन-चार वेळा. कुणी कितीही चढवलं तरी 'एकदा बघू' म्हणून 180 लावू नका.

स्ट्रॅप (मनगटाला अडकवून बारभोवती गुंडाळायच्या पट्ट्या) आजपासून बंद, स्पर्धेत चालत नाहीत. प्रत्येक सेटमध्ये शेवटच्या वेळी बार वर पाच-सहा सेकंद धरा. उलटसुलट पकड (एक तळवा पुढे, एक मागे) असेल तर तळवा पुढे असलेला हात कोपरात वाकू देऊ नका, बायसेप फाटतो तो तिथेच. पावसाळ्यात बेळगावच्या दमट हवेत तळवे ओलसर राहतात, म्हणून आधी टॉवेल आणि मग मॅग्नेशियमची पांढरी पावडर. मांडीला टाल्कम पावडर दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा. ती तळव्याला लागली की पकड गेली.

पंचांचे लाल दिवे, म्हणजे लिफ्ट बाद, बहुधा शेवटी मिळतात. गुडघे सरळ, खांदे मागे, आणि पंचाचा हात खाली येऊन 'डाऊन' ऐकू येईपर्यंत थांबायचं. हॉलमधलं निवेदन कन्नडमध्ये असलं तरी आज्ञा हीच. मित्राला समोर उभं करून सरावातही आज्ञेनंतरच बार खाली ठेवा, दोन्ही हातांनी. बार वर जाताना मध्येच खाली आला किंवा मांडीवर टेकवून ढकलला तर लिफ्ट बाद. नडगी झाकणारे लांब मोजे सक्तीचे आहेत, फुटबॉलचे चालतात, पण ते गुडघ्यावरच्या घट्ट स्लीव्हला भिडता कामा नयेत.

गटात बसायला अंगाचं वजन उतरवण्याच्या नादी लागू नका. खेळाडूंचं वजन करणं सत्राच्या दोन तास आधी सुरू होतं, एवढ्यात सुकलेलं शरीर भरून निघत नाही. वजन झालं की मऊ भात, केळी, मीठ-साखरेचं पाणी. भाकरी संध्याकाळी. बेंगळुरूला जायचं असेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसने एक दिवस आधीच पोचा. रात्रभर गाडीत अंग आखडतं.

डेडलिफ्ट शेवटी येते, स्क्वॉट आणि बेंच प्रेसनंतर (बाकावर पडून बार ढकलणं) अंग गरम असतंच, म्हणून वॉर्मअप थोडका: 70 तीनदा, 110 दोनदा, 135 आणि 150 एकेकदा. पहिला प्रयत्न 162.5, दुसरा 172.5. पुढचं वजन एका मिनिटात सांगावं लागतं, त्यामुळे टेबलापाशी माणूस ठेवा. डेडलिफ्टच्या तिसऱ्या प्रयत्नात आकडा दोनदा बदलता येतो, अर्थात तुमच्या वजनाचा बार भरून नाव पुकारलं जाण्याआधी. तेव्हा 180 लिहून ठेवा आणि प्रतिस्पर्ध्याचं काय होतंय ते बघून हलवा.