स्वप्नगटात या चुका टाळा : अर्थाची घाई आणि तिच्या सोबतिणी

स्वप्नांचा अभ्यासगट सुरू करायला फारसे काही लागत नाही. वाचनालयाची वरची खोली, एक सतरंजी, सात-आठ माणसे, पंधरवड्यातून एक संध्याकाळ आणि फ्रॉइड आणि युंग या मनोविश्लेषकांचे थोडेफार वाचन एवढ्या भांडवलावर तो उभा राहतो. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर मात्र माणसे गळू लागतात आणि ‘लोकांना गंभीर विषय नकोच असतात’ असे म्हणून संयोजक मोकळे होतात. माझ्या पाहण्यात कारण बहुधा वेगळे असते. कोणीतरी विश्वासाने आपले स्वप्न सांगितलेले असते आणि पाच मिनिटांत ते त्याला दुसऱ्याने लावलेल्या अर्थासह परत मिळालेले असते. असा माणूस भांडत नाही. पुढच्या वेळी तो फक्त येत नाही.

दुसऱ्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगणे

ही चूक नवशिक्यांचीच असते असे नाही. 1909 मध्ये फ्रॉइड आणि युंग अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात व्याख्याने देण्यासाठी एकत्र गेले होते. सात आठवड्यांच्या त्या प्रवासात दोघे रोज एकमेकांच्या स्वप्नांची चर्चा करत. युंग यांना त्या काळात एका घराचे स्वप्न पडले. वरच्या मजल्यावर जुन्या शोभिवंत फर्निचरची बैठक होती, खालचा मजला त्याहून कितीतरी जुना होता, त्याखाली रोमन काळातील तळघर होते, आणि तळघरातील दगडी फरशी उचलून खाली उतरल्यावर एका गुहेत हाडे, फुटकी मडकी आणि दोन कवट्या पडल्या होत्या. फ्रॉइड यांचे लक्ष त्या दोन कवट्यांवर खिळले आणि त्या कोणाच्या, हे ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, कारण त्यामागे कोणाच्या तरी मृत्यूची इच्छा असणार असे त्यांनी धरून ठेवले होते. शेवटी युंग यांनी आपली पत्नी आणि मेहुणी अशी नावे सांगून टाकली. ते उत्तर खोटे होते, हे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत स्वतःच नोंदवले आहे. युंग यांना त्या घरात मनाचेच मजले दिसत होते आणि सामूहिक नेणिवेच्या, म्हणजे सर्व माणसांत समान असलेल्या खोल मनाच्या, कल्पनेकडे त्यांना नेणारे ते स्वप्न होते. परंतु समोर बसलेल्या जाणकाराला हवे ते उत्तर देऊन त्यांनी वेळ मारून नेली. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर आपल्या गटात ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात त्यांनी अर्थ सांगितल्यावर एखादी गृहिणी किंवा महाविद्यालयीन मुलगा ‘हो, बरोबर आहे’ म्हणाला, तर त्या होकाराला किती किंमत द्यायची?

याच प्रवासात दुसरी चूकही घडली. युंग यांनी फ्रॉइड यांच्या एका स्वप्नासंबंधी खासगी तपशील विचारले, तेव्हा आपण आपला अधिकार धोक्यात घालू शकत नाही, असे सांगून फ्रॉइड यांनी ते देण्याचे नाकारले. त्याच क्षणी तो अधिकार संपला, असे युंग यांना वाटले. जो संयोजक सर्वांची स्वप्ने ऐकतो पण स्वतःचे एकही सांगत नाही, त्याने हा प्रसंग आठवावा.

यावर सर्वांत उपयोगी पडणारी रीत अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मॉन्टेग्यू उलमन यांनी सामान्य माणसांच्या स्वप्नगटांसाठी घालून दिली. स्वप्न सांगणाऱ्याने ते पूर्ण सांगावे. इतरांनी केवळ तपशील स्पष्ट होण्यापुरते प्रश्न विचारावेत : घराला दार होते का, माणूस ओळखीचा होता का, उजेड कसला होता. त्यानंतर स्वप्न पडलेल्या व्यक्तीने गप्प बसून ऐकावे आणि इतरांनी ‘हे स्वप्न मला पडले असते तर’ अशी सुरुवात करून आधी भावना आणि मग प्रतिमांविषयी आपापले बोलावे. शेवटी स्वप्न मूळ व्यक्तीकडे परत जावे. तिला पटेल ते तिने ठेवावे, बाकीचे सोडावे आणि वाटेल त्या क्षणी चर्चा थांबवण्याचा हक्कही तिचाच असावा.

या रीतीची एक हमखास बिघडण्याची जागा आहे. ‘हे स्वप्न मला पडले असते, तर मला कळले असते की तुमचा वडिलांवर राग आहे’ अशी वाक्ये पहिल्याच महिन्यात ऐकू येतात. वाक्य ‘मला’ने सुरू होऊन ‘तुम्हाला’वर संपले की संयोजकाने तेथेच, हसत का होईना, थांबवावे. वेळेची शिस्तही पाळावी. एका बैठकीत एकच स्वप्न घ्यावे, फार तर दोन. सगळ्यांची स्वप्ने उरकायला गेले की ती शिळोप्याच्या गप्पांसारखी होतात.

स्वप्नाचे शुद्धलेखन करणे

या चुकीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून मी तिच्यावर जरा रेंगाळतो. स्वप्न ज्या बोलीत पडते त्या बोलीत ते वहीत उतरत नाही. मालवणीत बोलणारी आजी स्वप्नात मालवणीतच बोललेली असते, पण वहीत ती प्रमाण मराठीत बोलू लागते. खळ्याचे ‘अंगण’ होते, पडवीचा ‘व्हरांडा’ होतो, आणि पडवीत सुपारी फोडत बसलेले आजोबा त्या व्हरांड्यात येतच नाहीत. शब्दाला चिकटलेल्या आठवणी हाच तर आपल्या कामाचा कच्चा माल आहे. शब्द बदलला की तो निसटतो. त्याहून वाईट म्हणजे काही जण ‘अधिकाराविषयीच्या भीतीचे स्वप्न’ एवढेच लिहून येतात. ते स्वप्न नव्हे, निकालपत्र होय.

क्षुल्लक वाटणारे तपशीलही असेच गाळले जातात. तुकोबांनी आपल्या गुरूपदेशाच्या स्वप्नाविषयी लिहिताना बाबाजींनी मस्तकी हात ठेवल्याचे आणि मंत्र दिल्याचे सांगितले आहे, तसेच त्यांनी भोजनाला पावशेर तूप मागितले आणि त्याचा स्वप्नात विसर पडला, हेही सांगितले आहे. आपल्यापैकी कोणी ते स्वप्न टिपून घेतले असते, तर इतक्या पवित्र प्रसंगात तूप कशाला, असे म्हणून ते पहिल्यांदा खोडले असते. मला विचाराल तर त्या पावशेर तुपामुळेच ते स्वप्न खरे वाटते.

म्हणून जाग आल्यावर कूस न बदलता क्षणभर तसेच पडून राहावे, शेवटचे दृश्य पकडून मागे मागे जावे आणि मग वर्तमानकाळात, तोंडी भाषेत, विसंगतीसह लिहावे. मोबाइल हातात घेतला की आलेले निरोप दिसतात आणि स्वप्न संपते. उशाशी साधी वही-पेन्सिल ठेवलेली बरी.

कोशात शोधणे

साप दिसला की धनलाभ आणि दात पडला की घरात अशुभ, असली स्वप्नफळे गटातील सुशिक्षित मंडळी हसून बाजूला सारतात. पण तीच मंडळी साप म्हणजे कामवासना, म्हातारा म्हणजे ज्ञानी वृद्धाचा आदिबंध (सर्व मानवांच्या मनातील आदिम प्रतिमा), अनोळखी काळा माणूस म्हणजे छाया (स्वतःची नाकारलेली बाजू), अशी नवी फळे तितक्याच भाबडेपणाने वाटतात. पंचांगाऐवजी युंग आले, एवढाच फरक. नागपंचमीला वारुळाशी जाणाऱ्या बाईचा नाग, शेतात भाऊ सर्पदंशाने गमावलेल्या माणसाचा नाग आणि फक्त पडद्यावर साप पाहिलेल्या मुलाचा नाग हे तीन वेगळे नाग आहेत. आधी व्यक्तीला काय आठवते ते विचारावे. पुराण, लोककथा आणि आदिबंध यांचा विस्तार त्यानंतर, चवीपुरता यावा.

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हणही गटात कोशासारखीच वापरली जाते. ती अर्धी खरी आहे, कारण दिवसभरातील तुकडे स्वप्नात येतात, हे फ्रॉइड यांनीही मांडले होते. परंतु स्वप्न जागेपणीच्या एकांगीपणाला तोल देते, हे युंग यांचे म्हणणे त्या म्हणीत बसत नाही. भारतीय विज्ञान काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी ते भारतात आले होते, तेव्हा कलकत्त्यात आमांशाने त्यांना दहा दिवस रुग्णालयात काढावे लागले. मन भारताने भरून गेले असताना त्यांना स्वप्न पडले ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील बेटाचे आणि ख्रिस्ती दंतकथेतील पवित्र प्याल्याच्या, म्हणजे ‘ग्रेल’च्या, शोधाचे. भारताच्या साऱ्या संस्कारांवरून त्या स्वप्नाने आपल्याला पुन्हा युरोपच्या प्रश्नांकडे खेचून नेले, असे त्यांना जाणवले. म्हणून ‘हे कशामुळे पडले’ या प्रश्नाच्या जोडीला ‘जागेपणी मी कशाकडे पाहत नाही’ हा प्रश्नही वहीत लिहावा.

‘मला स्वप्नेच पडत नाहीत’

पडतात, आठवत नाहीत. बुबुळे वेगाने हलणारी, ठसठशीत स्वप्नांची झोप शिकागोतील संशोधकांनी 1953 मध्ये नोंदवली. सुमारे नव्वद मिनिटांच्या चक्राने ती परत येते आणि पहाटेकडे तिचे टप्पे लांबत जातात. पाच तास झोपून गजराने दचकून उठणारा माणूस नेमका तोच भाग गमावतो. सुट्टीच्या दिवशी गजर लावू नये, रात्रीचे मद्य टाळावे. आठवेल ती नुसती भावना किंवा एखादा रंगही लिहावा. दोन-तीन आठवड्यांत वही भरू लागते. तोवर त्या सभासदाला गटातून कमी लेखू नये.

स्वप्नाकडून तयार कविता मागणे

सर्जनशीलतेच्या ओढीने आलेल्यांची ही खास चूक आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील औषधशास्त्रज्ञ ऑटो लोवी यांना रात्री प्रयोगाची कल्पना सुचली, त्यांनी ती कागदावर खरडली आणि सकाळी आपलेच अक्षर त्यांना लागेना. पुढच्या रात्री ती पुन्हा आली, तेव्हा ते थेट प्रयोगशाळेत गेले आणि मज्जातंतू रसायनाच्या द्वारे हृदयाला संदेश देतात, हे त्यांनी बेडकांच्या हृदयांवर दाखवले. 1936 चे नोबेल त्यांना या संशोधनासाठी मिळाले. ही गोष्ट सांगणारे एक सांगत नाहीत, की ती कल्पना त्यांच्या मनात सुमारे सतरा वर्षांपूर्वीच येऊन गेली होती. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन तुकोबांना कवित्वाचे काम सांगितले; पण त्याआधी आपण संतांची वचने आदराने पाठ केली होती, हेही तुकोबाच सांगतात.

गटात प्रतिमेवर काम करायचे तर शाडूची माती, खडू किंवा चार ओळी पुरतात. त्या दिवशी कोणी ‘वा, काय सुंदर’ म्हणू नये, आणि ‘जमले नाही’ असेही म्हणू नये. कौतुक सुरू झाले की पुढच्या बैठकीत माणसे स्वप्नाऐवजी प्रदर्शन आणतात. कलाकृती घडवायची असेल तर ती घरी, वेगळ्या वेळी, कारागिरीच्या सगळ्या निकषांनी घडवावी.

गटाला दवाखाना समजणे

अपघात किंवा अत्याचाराची तीच ती दुःस्वप्ने वारंवार पडत असतील, झोप उडाली असेल, स्वप्न आणि जागेपण यांतील सीमा पुसट होत असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर ते स्वप्न गटात उलगडू नये. त्या व्यक्तीशी एकांतात बोलावे आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास सोबत करावी. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. गटातील स्वप्न गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, अगदी नाव न घेतादेखील, टाकू नये, कारण लहान गावात ‘एका ताईंना’ म्हटले तरी ती ताई कोण हे संध्याकाळपर्यंत कळते. कोणी गट सोडून गेले, तर त्यांच्या स्वप्नांच्या ज्या नोंदी संयोजकाकडे असतील त्या कारण न विचारता, प्रत न ठेवता, त्यांच्या हाती द्याव्यात.