धोप्यासारखं पाणी देऊ नका : ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’ ॲलोकेशियासाठी उन्हाळी सल्ला (मार्च ते जून)

काळसर मखमली पान आणि त्यावर चांदीसारख्या शिरा असलेलं ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’, म्हणजे ॲलोकेशिया रेजिन्युला, आपल्या धोप्याच्याच (अळूच्या) कुळातलं. म्हणून बरेच जण त्याला धोप्यासारखं वागवतात आणि एप्रिलमध्ये गमावतात. धोपा मोरीच्या पाण्यावर पोसतो. हे झाड बोर्निओच्या सबा भागातलं, चुनखडीच्या खडकांतलं. मुळांना मोकळीक हवी, पानांना दमट हवा. आपल्याकडे कोरड्या हवेनं पानाची कड वाळते, आपण तहान समजून कुंडीत पाणी ओततो, आणि कंद सडतो.

म्हणून आधी हवेची सोय करा. कुंड्या पूर्वेच्या ओसरीत आणा, पश्चिमेला तुराट्यांचा कूड किंवा वाळ्याची ताटी लावा. उघड्यावर असतील तर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी दुहेरी टाका. थेट ऊन तासभर लागलं तरी पान करपतं. ओलं बारदान कुंड्यांभोवती टांगा आणि दुपारी दोनदा भिजवा. कूलर त्याच खोलीत चालेल, पण झोत थेट पानावर नको. दोन-चारच कुंड्या असतील तर काचेची जुनी मासेपेटी सर्वांत उत्तम. झाकण बोटभर उघडं ठेवा.

मिश्रण असं : धुतलेले नारळाच्या सालीचे तुकडे ३ भाग, हरभऱ्याएवढा लाकडी कोळसा २ भाग, परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे पांढरे, हलके खनिज दाणे) १ भाग, गांडूळखत १ भाग. भंडारा-गोंदियाकडे परलाइटऐवजी भाताच्या तुसाचा कोळसा सहज मिळतो. काळी माती चिमूटभरही नको. कुंडी ४ इंची पुरते; मोठ्या कुंडीत ओल अडकून राहते.

पाणी सकाळी सातच्या आत, बोट दोन पेरं खुपसून कोरडं निघालं तरच. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी थेट देऊ नका, रात्रभर रांजणात ठेवा. बोअरच्या जड पाण्यानं पानांवर पांढरे डाग पडतात आणि टोकं जळतात. साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. पारा चाळिशीपुढे गेला की खत बंद.

पानामागे धुळीसारखे ठिपके आणि बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. कुंडी आडवी धरून पानाची मागची बाजू पाण्यानं धुवा, दर तीन दिवसांनी, दोन आठवडे. उन्हाळ्यात निंबोळी तेल आणि गंधक दोन्ही टाळा. तेलानं मखमल कायमची बिघडते, गंधकानं पान जळतं.

नवं रोप एप्रिल-मेमध्ये पार्सलनं मागवू नका, वाटेतच शिजतं. ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं आता बरीच मिळतात, तेव्हा ‘जंगलातून काढलेलं’ म्हणून जास्त भाव सांगणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका. पानं आणि कंद बकऱ्यांपासून, लेकरांपासून दूर ठेवा. धोप्यासारखीच खाज सुटते, आणि हे शिजवूनही खायचं नाही.

सगळी पानं गळाली तरी कुंडी उकिरड्यावर टाकू नका. कंद अंगठ्यानं दाबा. कडक असेल तर जिवंत आहे. मऊ आणि वास येणारा असेल तर पांढरा भाग लागेपर्यंत कापा, कोळशाची पूड लावा, एक दिवस सावलीत सुकवा आणि ओलसर मॉसमध्ये (शेवाळात) झाकून ठेवा. मुळांना तुरीच्या दाण्याएवढ्या तपकिरी गाठी असतील तर त्या जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर सोडवा, साल काढून टोक वर करून मॉसमध्ये अर्ध्या पुरा. त्यांना कोंब फुटायला महिनाभर किंवा जास्तही लागतो. तोवर उकरून पाहू नका.