रोजच्या वापराचा चाकू: निवड, धार आणि पावसाळ्यातली निगा

चाकू घेताना बहुतेक जण मूठ बघतात. मी आधी पातं उजेडात धरून धारेच्या मागची जाडी बघतो. पाठ जाड असली तरी हरकत नाही, पण धारेकडे येताना पातं निमुळतं होत गेलं पाहिजे. जाड पात्याने गाजर कापलं जात नाही, अर्ध्यावर गेलं की कट्‌कन फुटतं. पोलाद कुठलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

स्वयंपाकघरासाठी माझं पहिलं नाव व्हिक्टोरिनॉक्सची आठ सेंटिमीटर पात्याची छोटी सुरी. काहीशे रुपयांत मिळते, पातं पातळ, गंजत नाही, आणि पोलाद फार कडक नसल्याने घरच्या घरी चटकन पाजवता येते. हापूसची साल काढायला, मिरच्या चिरायला याहून सोयीचं काही मी हातात धरलेलं नाही. त्याच कंपनीचा क्लाइंबर माझ्या बॅगेत असतो. ९१ मिलिमीटरचा घडीचा चाकू. त्यातली कात्री मी पात्याइतकीच वापरतो. पातं उघडल्यावर लॉक होत नाही, त्यामुळे टोकाने भोसकण्याचं काम त्याला देऊ नका, बोटांवर मिटेल.

सगळ्यात लाडका मात्र ओपिनेल हा घडीचा चाकू, आठ नंबरच्या आकाराचा. १८९० पासून फ्रान्सच्या सावोय भागात बनणारा, बीच लाकडाच्या मुठीचा. मी मुद्दाम कार्बन पोलादाचा, म्हणजे गंजणाऱ्या पोलादाचा घेतो, कारण त्याला येणारी धार मला स्टेनलेसपेक्षा आवडते. पण मुंबईत त्याचे लाड करावे लागतात. जुलैत मूठ फुगते आणि पातं आत रुतून बसतं. नखाने ओढत बसू नका. मुठीच्या मानेवरची, पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी मोकळी करा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोका. पातं आपसूक बाहेर डोकावतं. नवा असतानाच कैरी चिरून पात्यावर निळसर-करडा थर चढू द्या. तो गंज नव्हे, उलट तांबड्या गंजाला तोच थोडा आवर घालतो. वापर झाला की लगेच पुसा आणि खोबरेलाचं बोट फिरवा. शेंगदाण्याचं तेल नको, ते चिकट होतं. चामड्याच्या म्यानात तर कुठलाच चाकू ठेवून देऊ नका, चामडं ओल धरून ठेवतं.

आपल्याकडे धार मारते ती ग्रॅनाइटच्या ओट्यावर आणि स्टीलच्या ताटात. लाकडी पाट किंवा प्लॅस्टिकचा बोर्ड घ्या, निम्मं काम तिथेच होतं. नारळ आणि सुरमईचा काटा कोयत्याकडेच राहू द्या.

आता पाजवणं. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे कोयता खुशाल द्या, पण पातळ सुरी देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेची कड तापते आणि तिचं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडतं. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) पाण्याचा दगड घ्या, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा आणि खाली ओलं फडकं घालून पक्का बसवा. दोन सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण पाच मिलिमीटर उचला, म्हणजे पंधरा अंशांचा कोन मिळतो. मुळापासून टोकापर्यंत एकाच बाजूने घासत राहा. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला बोट पाठीकडून धारेकडे, म्हणजे पात्याबाहेरच्या दिशेने, सरकवा. धातूची बारीक कड वळून बोटाला अडकते. ती पूर्ण लांबीभर जाणवल्याशिवाय बाजू बदलायची नाही. घरी धार न येण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं, लोक ही कड यायच्या आधीच पातं उलटतात. मग दुसरी बाजू तशीच, आणि शेवटी दाब कमी करत आलटून पालटून हलके हात. उरलेली कड जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठ पुढे ठेवून ओढली की निघते. पिकलेल्या टोमॅटोवर पातं नुसतं ठेवून, दाब न देता मागे ओढा. साल उघडली पाहिजे.

स्वप्नातले दोन. एक जपानमधल्या साकाईचा नाकिरी, भाजीसाठीचा चौकोनी, सरळ धारेचा. तिथे पातं घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा. कोबी त्याखाली कसा पडेल याचा मी नेहमी विचार करतो. दुसरा ख्रिस रीव्ह या चाकू बनवणाऱ्याचा सेबेन्झा, घडीचा चाकू. टायटॅनियमच्या मुठीचाच एक भाग आत सरकून पातं अडवतो, लॉकसाठी वेगळी पट्टी नाही. इतकं साधं आणि इतकं पक्कं काम बघून मला मनापासून आनंद होतो.

बाहेर नेताना एवढं बघा: मेट्रोत बॅग तपासली जाते, त्या दिवशी चाकू घरी ठेवा. विमानात तो चेक-इन बॅगेतच टाका.