निवृत्त सेनाधिकाऱ्याचा परिचयलेख कसा लिहावा

एखाद्या निवृत्त सेनाधिकाऱ्याच्या सत्काराच्या निमित्ताने स्मरणिकेसाठी परिचय लिहायचे काम अंगावर पडले, की बहुतेक जण ‘देशासाठी प्राण पणाला लावणारे’ अशी सुरुवात करून पंचवीस-तीस वर्षांची नोकरी दोन परिच्छेदांत उरकतात. तो मजकूर कोणत्याही फौजी माणसाच्या नावाखाली छापता येतो, आणि मला तो नेहमीच त्या व्यक्तीवर अन्याय करणारा वाटत आला आहे.

आधी नोकरीचा तपशील कागदपत्रांवरून लावून घ्यावा. ‘एनडीएतून कमिशन (म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक) मिळाले’ हे वाक्य फार वेळा छापले जाते, परंतु एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तीन वर्षे संपवून लष्करात जाणारा कॅडेट पुढे डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत जातो आणि कमिशन तेथे मिळते. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच अधिकारी होणाऱ्यांना, ते सहसा चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून मिळते. जवान म्हणून भरती होऊन सुभेदार मेजरपर्यंत चढलेल्या आणि पुढे मानद कॅप्टन झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत ‘मानद’ हा शब्द गाळू नये, कारण त्या एका शब्दामागे शिपायापासूनचा सगळा प्रवास उभा असतो. ‘निवृत्त’ हा शब्द हुद्द्याला न जोडता नावानंतर कंसात लिहावा, कारण निवृत्त अधिकारी होतो, हुद्दा नव्हे.

मोहिमांची नावे वर्षासह लिहावीत. १९६१ मधील गोवामुक्तीची कारवाई आणि १९९९ मधील कारगिलची लढाई, दोन्हींचे नाव ‘ऑपरेशन विजय’ असल्याने वर्ष नसेल तर वाचकाची हमखास गल्लत होते. पदकांबाबतही तशीच काळजी हवी: सेना पदक शौर्यासाठी मिळते तसे उल्लेखनीय सेवेसाठीही मिळते, विशिष्ट सेवा पदक हे शौर्यपदक नव्हे, आणि छातीवरच्या रांगेतली काही पदके ९, २० वा ३० वर्षांच्या सेवेची असतात.

मुलाखतीत ‘सर्वांत थरारक प्रसंग सांगा’ असे विचारू नये. त्याचे ठरलेले उत्तर मिळते, किंवा मिळतच नाही. त्यापेक्षा पांढऱ्या रंगाने नाव घातलेली त्यांची काळी ट्रंक उघडायला सांगावी आणि जुन्या फोटोंच्या मागे लिहिलेली नावे वाचून घ्यावीत. एकेका नावासरशी तो जवान कोणत्या गावचा, पुढे त्याचे काय झाले, हे आपोआप निघते आणि त्या आठवणींतून अधिकारी कसा होता तेही कळते. ट्रंकेवरचा सेवा क्रमांक मात्र लेखात छापू नये.

निवृत्तीनंतरच्या समाजकार्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण तेथेच लेख पोकळ होतो. ‘अनेक गरजूंना मदत केली’ यातून काहीच समजत नाही. मदत म्हणजे नेमके काय, हे विचारावे. दिवंगत जवानाच्या पत्नीचे लग्नानंतरचे नाव सेवा अभिलेखात एक आणि आधार कार्डावर दुसरे असते आणि त्या फरकापायी कुटुंब निवृत्तिवेतन अडते. मग कुणीतरी तिच्यासोबत बसून प्रतिज्ञापत्र तयार करतो, सेवानोंदी ठेवणाऱ्या लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रे लिहितो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पुन्हा पुन्हा जातो. अशा एका प्रकरणाला किती पत्रे आणि किती महिने लागले, एवढे नीट लिहिले तरी त्या माणसाची चिकाटी वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. पहाटे मैदानावर भरतीची तयारी करून घेणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल लिहायचे असेल, तर एकदा पहाटे तेथे जाऊन उभे राहावे. ज्यांना मदत झाली त्यांच्याशी स्वतः बोलावे, आणि संमतीशिवाय कुणाचेही नाव देऊ नये.

शेवटी मसुदा अधिकाऱ्याला वाचायला द्यावा. युनिटचे नाव, तारखा आणि तैनातीची ठिकाणे त्यांच्याकडून तपासून घ्यावीत. एखादी गोष्ट छापू नका असे त्यांनी सांगितले तर कारण न विचारता काढून टाकावी. ते बहुधा विशेषणेही खोडतील, ती खोडू द्यावीत. पण ‘एवढं कशाला’ म्हणून त्या पेन्शनच्या पत्रांचा परिच्छेद खोडू लागले, तर तेवढ्यापुरता मात्र नम्रपणे हट्ट धरावा.