अनोळखी सोल्जर माशी: रंग सोडा, पंख बघा

पावसाळ्यात नाशिककडे कंपोस्टच्या डब्यावर किंवा चाळीमागे टाकलेल्या सडक्या कांद्यावर काळी, सुस्त, गांधीलमाशीचा भास होणारी माशी बसलेली दिसली, की सगळे एकच नाव घेतात: ब्लॅक सोल्जर फ्लाय. अनेकदा ते बरोबरही असतं. पण सोल्जर माश्यांच्या कुळात जगभर अडीच हजारांहून जास्त जाती आहेत, त्यामुळे खात्री करूनच नाव द्यावं.

माशी जिवंत असतानाच डोळ्यांचा जवळून फोटो घ्या. डोळ्यांवरचे रंगीत पट्टे मेल्यावर उडतात, याच कुळातल्या ओडोंटोमायिया या जीनसचं (जवळच्या जातींच्या गटाचं) हिरवं पोटही वाळल्यावर पिवळट पडतं. मग माशी डबीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर ओल सुकू द्या आणि वक्षाच्या उजव्या बाजूला टाचणी टोचा. वक्षामागच्या त्रिकोणी तुकड्याला, म्हणजे स्कुटेलमला, धक्का लावू नका. त्यावरचे काटेच तर मोजायचे आहेत. चार-पाच मिमीच्या माशीला टाचणी नकोच, ती पुठ्ठ्याच्या त्रिकोणी टोकावर डिंकाने चिकटवा.

आता 10 पट भिंग, खाली पांढरा कागद, उजेड तिरपा. पंखाच्या मध्याजवळ लहान, पाच-सहा कोनी कप्पा दिसतो, त्याला डिस्कल सेल म्हणतात. शिरांची गर्दी पुढच्या कडेला असते आणि कडेची जाड शीर पंखाच्या टोकाआधीच संपते. हे जमलं तर कूळ ठरलं. गोमाशीत शिरेचे दोन फाटे पंखाच्या टोकाला कवेत घेतात, तर हॉवरफ्लायच्या पंखात मधोमध एक जादा खोटी शीर असते. इथे चुकलं की पुढचं सगळं वाया.

पुढे शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका, बघा. लांब आणि टोकाला पानासारखी चपटी असेल, स्कुटेलम बिनकाट्याचा असेल आणि पोटाच्या दुसऱ्या खंडातून उजेड आरपार दिसत असेल, तर हर्मेशिया इल्युसेन्स, म्हणजेच ब्लॅक सोल्जर फ्लाय. मूळ अमेरिका खंडांतली, आता जगभर पसरलेली. शृंगिका आखूड आणि तिला केसासारखा काटा असेल, तर सार्गस किंवा टेक्टिकस हे जीनस. टेक्टिकसमध्ये शृंगिकेचा दुसरा खंड आतल्या बाजूला अंगठ्यासारखा पुढे येतो. स्कुटेलमवर दोन काटे असतील तर ओडोंटोमायियाच्या गटात शोधा. नराचे डोळे अनेकदा माथ्यावर जुळतात, मादीचे नाही, पण हा नियम हर्मेशियाला लागू पडत नाही. तिथे दोघांचेही डोळे वेगळेच.

जातीपर्यंत जायचं तर बऱ्याचदा नराचं जननांग 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून तपासावं लागतं. नुसता परदेशी फोटो जुळवून जात ठरवू नका, जीनसवर थांबा. जननांग ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत घालून त्याच टाचणीला लावा. लेबलवर ‘नाशिक’ एवढंच लिहून भागत नाही. गाव, अक्षांश-रेखांश, तारीख आणि माशी कशावर बसली होती, हे त्याच दिवशी लिहा.