विकास आराखड्यावर हरकत घेताय? या चुका टाळा

शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याचा मसुदा, म्हणजे प्रारूप विकास आराखडा, प्रसिद्ध झाला की पहिले चार दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशांचा पूर येतो. मग पंधरा दिवस चर्चा चालते आणि मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत नगररचना विभागाच्या आवक खिडकीवर रांग लागते. त्या रांगेतल्या कितीतरी अर्जांवर सर्व्हे नंबरच नसतो. लोकांचा राग खरा असतो, नुकसानही खरे असते, पण कागद असा असतो की हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला त्यावर काही करताच येत नाही.

आराखड्यातली रेघ सर्व्हे नंबरावर पडते. हरकतही सर्व्हे नंबरावरच पडली पाहिजे. पुढच्या चुका महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ म्हणजे एमआरटीपी कायद्याच्या चौकटीतल्या आहेत. मुंबई असो, पुणे असो की एखादी लहान नगरपरिषद, गाडा याच कायद्यावर चालतो.

सातबारा कोरा आहे म्हणून निर्धास्त राहणे

सातबाऱ्यावर मालकी, क्षेत्र, पीक, बोजा दिसतो. बाग, शाळा किंवा रस्त्यासाठी जागा राखून ठेवलेली असेल, म्हणजे आरक्षण असेल, तर ते तिथे दिसेलच असे नाही. तेच एन.ए. आदेशाचे. जमीन अकृषिक झाली म्हणजे तिच्यावरचे आरक्षण उठले असे होत नाही. आरक्षण पाहायचे तर दोन कागद लागतात: नगररचना विभागाचा झोन दाखला आणि त्याच सर्व्हे नंबरचा भाग नकाशा. दोन्ही मागा. झोन दाखल्यात ‘निवासी, अंशतः रस्त्याने बाधित’ एवढेच लिहिलेले असते. ‘अंशतः’ म्हणजे नेमके किती, हे भाग नकाशावरच कळते.

फ्लॅटधारकांची अडचण वेगळी. सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालेले नसेल तर मिळकत पत्रिकेवर अजून बिल्डरचे किंवा मूळ मालकाचे नाव असते आणि नोटीस त्याच पत्त्यावर जाते. अशा सोसायटीने नोटिशीची वाट पाहत बसू नये. सर्वसाधारण सभेत ठराव करून स्वतःहून हरकत द्यावी आणि मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्सची) कागदपत्रे किंवा निदान सर्व सभासदांचे नोंदणीकृत करारनामे जोडावेत. नुसत्या सचिवांच्या सहीने हरकत दिली आणि ठराव जोडला नाही, तर सुनावणीत पहिला प्रश्न अधिकाराचा निघतो.

मोबाईलवरच्या नकाशावरून निष्कर्ष काढणे

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

१:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १० मीटर. दोन गुंठ्यांचा प्लॉट साधारण १२ बाय १७ मीटरचा असतो. म्हणजे तो नकाशावर मोहरीच्या दाण्याएवढा. त्या दाण्यावरून पेनाची जाड रेघ गेली तरी अख्खा प्लॉट झाकला जातो. १:५,००० च्या नकाशावरसुद्धा १ मिलिमीटरच्या रेघेत ५ मीटर मावतात. अशा वेळी स्क्रीनशॉट मोठा करून ‘आपलं घर जातंय’ किंवा ‘आपण वाचलो’ असे ठरवणे धोक्याचे आहे. चूक दोन्ही बाजूंनी होते. ज्यांचे काही जात नाही ते रात्रभर जागतात आणि ज्यांची भिंत खरोखर जाते ते गप्प बसतात.

नीट पद्धत अशी. नगररचना विभागातून प्रमाणित भाग नकाशा घ्या. भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्या. नकाशा छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडते. छापल्यावर नकाशावरची प्रमाणपट्टी फूटपट्टीने मोजून खात्री करा. मग जागेवर जा आणि न हलणाऱ्या किमान दोन खुणांपासून अंतर घ्या: शिवेचा दगड, विहीर, ओढ्यावरचा जुना पूल, रेल्वेची हद्द. एकाच खुणेवरून मोजले तर दिशेची चूक लक्षात येत नाही. सध्याच्या रस्त्याची कडही खूण म्हणून धरू नका, कारण अतिक्रमणामुळे ती सरकलेली असू शकते.

शक्य असेल तर परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याकडून दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून बाधित क्षेत्र चौरस मीटरमध्ये काढून घ्या. ‘रस्ता घरावरून जातो’ या वाक्यापेक्षा ‘मंजूर इमारतीचा पूर्वेकडील ३१ चौरस मीटर भाग बाधित होतो’ हे वाक्य समितीला टाळता येत नाही.

आणखी एक नकाशा लोक पाहतच नाहीत, तो म्हणजे विद्यमान जमीन वापराचा. आराखड्याचे प्रस्ताव त्यावर बेतलेले असतात. तुमची उभी इमारत त्यात मोकळी जागा म्हणून दाखवली असेल, तर प्रस्तावातली चूक तिथूनच सुरू झालेली असते. ती दाखवून देणे हा सर्वांत भक्कम मुद्दा. मुंबईच्या २०१५ च्या पहिल्या प्रारूपात अशा चुका इतक्या निघाल्या की त्या वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो आराखडा नव्याने करायला सांगावे लागले.

मुदत चुकीच्या दिवसापासून मोजणे

हरकतीची कलम २६ खालची मुदत राजपत्रातल्या सूचनेपासून धावते. वर्तमानपत्रात बातमी कधी आली, सोसायटीत पत्रक कधी पडले, याला अर्थ नाही. मूळ सूचना मिळवा आणि तीत लिहिलेली तारीख धरा. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका. हरकत देताना तीन प्रती करा: एक आवक विभागाला, एक नगररचना विभागाला आणि एक शिक्का, आवक क्रमांक व तारखेसह स्वतःकडे. ऑनलाइन दिली असेल तर पोचपावतीचा क्रमांक छापून ठेवा. हे इतके बजावून सांगण्याचे कारण असे की कलम २८ खाली सुनावणीचा हक्क हरकत देणाऱ्यालाच आहे. ज्याची हरकत नोंदलेली नाही त्याला समितीसमोर उभेच राहता येत नाही.

भावना लिहिणे, मुद्दा न लिहिणे

‘आमच्यावर अन्याय झाला आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ या वाक्यावर समितीने काय करावे? तिला नियोजनाच्या भाषेतले कारण आणि शक्यतो पर्याय लागतो. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूपावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या होत्या. एवढ्या ढिगाऱ्यात प्रत्येक अर्जाला मिनिटे किती येणार, याचा विचार करून लिहा. एक पान पुरे. नमुना असा:

‘मौजे अमुक, सर्व्हे नंबर ४७, हिस्सा नंबर २/१, क्षेत्र ०.१२ हेक्टर. या मिळकतीतून १८ मीटर रुंदीचा रस्ता प्रस्तावित आहे. मिळकतीवरील इमारतीस बांधकाम परवानगी क्रमांक अमुक, दिनांक अमुक आणि भोगवटा प्रमाणपत्र दिलेले आहे. विद्यमान जमीन वापर नकाशात ही इमारत दाखवलेली नाही. रस्त्याची आखणी पश्चिमेस ६ मीटर सरकवल्यास ती सर्व्हे नंबर ४६ मधील अस्तित्वातील ९ मीटर रस्त्याशी जुळते व एकही मंजूर बांधकाम बाधित होत नाही. तरी आखणीत त्याप्रमाणे बदल करावा.’

खाली जोडपत्रांची यादी: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, बाधित भाग रंगवलेला नकाशा, तारीख दिसणारे फोटो.

पर्याय सुचवताना तो स्वतः चालून पाहा. आरक्षण शेजाऱ्याच्या उभ्या घरावर ढकलणारी सूचना टिकत नाही आणि वस्तीत कायमचे वैर मात्र होते. मंजूर ले-आउटमधली मोकळी जागा पुन्हा बागेसाठी आरक्षित दाखवली असेल तर मूळ ले-आउटचा मंजूर नकाशा जोडा. ती जागा त्या प्लॉटधारकांसाठीच सोडलेली आहे, हे त्यावरूनच सिद्ध होते.

एकाच मजकुराच्या पाचशे छापील अर्जांबद्दलही सांगायला हवे. संख्या नोंदली जाते, राजकीय दबाव येतो, हे खरे. पण असे अर्ज एकत्र बांधून एकच उत्तर देता येते. सामूहिक हरकत जरूर द्या. ज्याची मिळकत बाधित होते त्याने मात्र त्याबरोबर स्वतःची वेगळी हरकत दिलीच पाहिजे.

सुनावणी झाली म्हणजे काम झाले असे समजणे

नियोजन समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात. ही समिती फक्त अहवाल देते. त्यानंतर नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका किंवा नगरपरिषद, आराखड्यात फेरबदल करते आणि ते माहितीसाठी प्रसिद्ध होतात. मग आराखडा शासनाकडे जातो. कलम ३१ खाली शासन तो मंजूर करते, पण काही भाग वगळून ठेवते किंवा त्यात मोठे बदल सुचवते आणि त्या बदलांवर पुन्हा हरकती मागवते. घात इथेच होतो. पहिल्या फेरीत तुमच्या बाजूने निर्णय झालेला असतो आणि शासनाच्या फेरीत आरक्षण परत येते. दुसऱ्या सूचनेकडे कोणाचे लक्षच नसते. आराखडा अंतिम होईपर्यंत राजपत्र आणि महापालिकेचे संकेतस्थळ दर पंधरवड्याला पाहा. समितीने तुमच्या अर्जावर काय शिफारस केली हे कळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट आणि आवक क्रमांक एवढ्यावर तो अर्ज होतो. उत्तराची मुदत ३० दिवस.

‘आराखडा वीस वर्षांतून एकदाच येतो’ या समजुतीत राहणे

मंजूर आराखड्यातही कलम ३७ खाली फेरबदल होत राहतात. निवासी भागाचा वाणिज्य होतो, शाळेचे आरक्षण उठते. त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, हरकतीला महिनाभराची मुदत असते. बाधित मालकाला वेगळी नोटीस द्यावी लागते, पण रस्त्यापलीकडच्या इमारतीतल्या रहिवाशांना ती येईलच असे नाही. म्हणून जाहीर सूचनांचा रकाना वाचायची जबाबदारी वस्तीतल्या एकाने घ्यावी.

रस्ता रुंद करायला तर आराखडाही लागत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा आखता येते. पुण्यात २०२० मध्ये ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कलमाखाली आला होता. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) वापरता येत नव्हता, हे त्यामागचे कारण. अशा प्रस्तावावर बोलताना हिशेब मांडा. दोन्ही बाजूंना सारखी रुंदी घेतली तर प्रत्येक प्लॉटचे १.५ मीटर जातात. दर्शनी बाजू २० मीटर असेल तर ३० चौरस मीटर. तुमच्या सामासिक अंतरातून, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेतून, ते गेल्यावर पुनर्विकासात काय उरते, हे आधी काढा. काही सोसायट्यांना रुंदीकरण फायद्याचे ठरते. डोळे मिटून विरोध करणेही चूकच आहे.

कलम १२७ ची नोटीस घाईत किंवा अर्धवट देणे

अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालकाला कलम १२७ खाली नोटीस देता येते. नोटीस बजावल्यापासून २४ महिन्यांत संपादन किंवा त्याची ठोस पावले झाली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. ही मुदत पूर्वी ६ महिने होती, नंतर १२ झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने २४. जुन्या लेखांवरून अर्ज करणारे इथे फसतात.

बिघाड ठराविक ठिकाणी होतो. एक, १० वर्षे पुरी होण्याआधीच नोटीस दिलेली असते. दोन, मालकी हक्काची कागदपत्रे जोडलेली नसतात. कायद्याने ती नोटिशीबरोबरच हवीत. तीन, सातबाऱ्यावर पाच नावे असताना एकाच भावाची सही असते. चार, सुधारित आराखडा येऊन त्यात तेच आरक्षण पुन्हा दाखवले गेलेले असते. सुधारित आराखडा लागू होण्याआधी नोटीस दिलेली नसेल तर १० वर्षे नव्याने मोजावी लागतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. त्यामुळे १० वर्षे झाल्यावर नोटीस लांबवत राहणे फार महाग पडू शकते.

‘पावले’ म्हणजे काय, यावरही वाद होतात. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेले नुसते पत्र पुरेसे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले. आरक्षण गेल्यावरही जमीन आपोआप निवासी होत नाही. लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय, तोच तिला मिळतो. शेजारी शेती विभाग असेल तर शेती विभागच.

प्रारूपातल्या पिवळ्या रंगावर प्लॉट घेणे

‘यलो झोन होणार आहे, आत्ता घ्या, नंतर भाव तिप्पट.’ नकाशावर पिवळा रंग म्हणजे निवासी विभाग, हिरवा म्हणजे शेती. पण प्रारूप म्हणजे प्रस्ताव. शासनाच्या मंजुरीपर्यंत तो पिवळा रंग पुन्हा हिरवा होऊ शकतो किंवा नेमका तुमचा तुकडा वगळलेल्या भागात अडकू शकतो. उलट बाजूने मात्र प्रारूपाचा जाच लगेच सुरू होतो. कलम ४६ नुसार परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही विचार करावा लागतो, त्यामुळे जुन्या आराखड्यात निवासी असलेल्या जागेवर नवे आरक्षण पडले की परवानगी अडते. परवानगी नाकारली तर आदेश लेखी मागा. कलम ४७ खालचे अपील ४० दिवसांत करावे लागते आणि ते दिवस आदेश मिळाल्यापासून मोजले जातात. खिडकीवरच्या तोंडी ‘नाही होणार’ वर अपील होत नाही.